प्रसार भारती: स्वायत्तता कायद्यात, तिजोरी मंत्रालयात

केंद्रीय अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या मागणीखाली एक ओळ दरवर्षी न चुकता येते. ती असते प्रसार भारतीला द्यावयाच्या अनुदानाची. अलीकडच्या काही वर्षांत ही रक्कम अडीच ते तीन हजार कोटी रुपयांच्या घरात राहिली आहे. खासगी वाहिन्यांच्या या गर्दीत आकाशवाणी आणि दूरदर्शनसाठी करदात्यांनी एवढा पैसा का मोजावा, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. मात्र रक्कम किती, यापेक्षा ती ठरवतो कोण आणि तिची शाश्वती किती काळाची, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सरकारी प्रसारणाला सार्वजनिक प्रसारणाचे रूप देण्याचा देशातील सारा प्रयत्न याच ठिकाणी अडलेला दिसतो.

आणीबाणीत आकाशवाणीचा जो वापर झाला, त्यानंतर जनता सरकारने बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ नावाच्या स्वायत्त न्यासाची शिफारस केली, पण ती प्रत्यक्षात आली नाही. पुढे राष्ट्रीय आघाडीच्या सरकारने १९९० मध्ये प्रसार भारती कायदा संमत करून घेतला. तोही सात वर्षे कागदावरच राहिला. इंदरकुमार गुजराल पंतप्रधान असताना, सप्टेंबर १९९७ मध्ये तो अमलात आला आणि २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती महामंडळ अस्तित्वात आले.

या कायद्याचे कलम १७ मुळातून वाचण्याजोगे आहे. संसदेच्या मंजुरीनंतर केंद्र सरकार महामंडळाला दोन प्रकारची रक्कम देऊ शकेल, असे ते सांगते. पहिली रक्कम रेडिओ व दूरचित्रवाणी संचांच्या परवाना शुल्कातून ‘काही असल्यास’ मिळणारी, आणि दुसरी सरकारला आवश्यक वाटेल ती, भांडवल, अनुदान किंवा कर्जाच्या रूपाने. पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना दरवर्षी नूतनीकरण करून आणणे, हा एके काळी मध्यमवर्गीय घरातील नेमाचा भाग होता. ते शुल्क ऐंशीच्या दशकाच्या मध्यास रद्द झाले. म्हणजे १९९० मध्ये कायदा लिहिला गेला, तेव्हा त्यातील उत्पन्नाचा पहिला स्रोत आधीच आटलेला होता. उरला तो दुसरा, आणि तो पूर्णपणे सरकारच्या मर्जीवर. ‘देईल’ नव्हे, तर ‘देऊ शकेल’ अशी त्याची शब्दरचना आहे. सरकारला आवश्यक काय वाटावे, याचा कोणताही निकष कायद्यात नाही.

याचा परिणाम पुढे वर्षानुवर्षे दिसला. आकाशवाणी व दूरदर्शनचे हजारो कर्मचारी मूळचे सरकारी. महामंडळ झाल्यावर त्यांचे वेतन आणि निवृत्तिवेतन कोणी द्यायचे, यावर दीर्घकाळ घोळ चालला. सरकारने दिलेल्या कर्जांवर व्याज साठत गेले. अखेर कायद्यात दुरुस्ती झाली. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत सेवेत आलेले कर्मचारी निवृत्तीपर्यंत प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ पातळीवर जुनी देणी माफ करण्याचा आणि पाच वर्षे वेतनाचा संपूर्ण भार उचलण्याचा निर्णय झाला. अनुदानाचा मोठा वाटा आजही वेतनावरच जातो. म्हणून त्याला कार्यक्रमांसाठीचा खर्च समजणे चुकीचे ठरेल.

आणि वेतन ज्याच्या हाती, त्याच्याशी वाद घालणे किती अवघड, याचा दाखला मार्च २०१८ मध्ये मिळाला. मंत्रालयाने डिसेंबरपासून वेतनाची रक्कम दिलेली नसून पगार राखीव निधीतून करावे लागत आहेत, असे प्रसार भारतीचे तत्कालीन अध्यक्ष ए. सूर्य प्रकाश यांनी जाहीरपणे सांगितले. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक स्वायत्त संस्थेने वित्तीय नियमांप्रमाणे मंत्रालयाशी सामंजस्य करार करणे आवश्यक आहे आणि प्रसार भारतीने तो केलेला नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. नियमाच्या अंगाने मंत्रालयाचा मुद्दा गैर नव्हता. परंतु संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले महामंडळ आणि मंत्रालयाच्या अनुदानावरील एखादी संस्था यांना एकाच मापाने मोजायचे काय, हा प्रश्न त्या वादात तसाच राहिला.

मग प्रसार भारतीने स्वतः कमवावे, असा सल्ला दिला जातो. कमाई अगदीच नाही असे नाही. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. आज उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही, पण तिच्यावर जागा मिळवण्यासाठी खासगी वाहिन्या लिलावात बोली लावतात. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपण यंत्रणा बंद केल्याने वर्षाला सुमारे १०० कोटी रुपये वाचत असल्याचेही २०२१ मध्ये सांगण्यात आले. क्रिकेट सामन्यांच्या संकेतांची वाटणी सक्तीची करणारा २००७ चा कायदा जाहिरातीतला पंचवीस टक्के वाटा दूरदर्शनला देतो. अर्थात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असे सामने दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरते आणि फ्री डिशपुरते मर्यादित केले.

कमाईची मर्यादा वेगळीच आहे. आकाशवाणी २३ भाषांत आणि १७९ बोलींत कार्यक्रम देते. शेती, आदिवासी, अल्पसंख्याकांच्या भाषा यांची सेवा हे कायद्यानेच तिच्यावर टाकलेले कर्तव्य आहे. एखाद्या बोलीतील हवामानाच्या कार्यक्रमाला साबणाची जाहिरात मिळत नाही. ती मिळेल असे कार्यक्रम करायचे, तर खासगी वाहिन्यांची नक्कल होते आणि मग अनुदानाचे समर्थनच उरत नाही.

परदेशांत हा पेच निरनिराळ्या तऱ्हेने हाताळला गेला आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी दूरचित्रवाणी पाहणाऱ्या घरांना शुल्क भरावे लागते. एप्रिल २०२५ पासून ते वर्षाला १७४.५० पौंड करण्यात आले. पण दर सरकारच ठरवते, आणि २०२२ पासून दोन वर्षे त्याने तो गोठवला होता. जर्मनीतील रचना अधिक विचारपूर्वक आहे. तेथे प्रसारण संस्था आपली गरज मांडतात, एक स्वतंत्र तज्ज्ञ आयोग ती तपासून घरटी शुल्काची शिफारस करतो आणि राज्ये तिला मान्यता देतात. सॅक्सनी-अनहाल्ट या एका राज्याने वाढ अडवली, तेव्हा घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये महिना १८.३६ युरोचा दर लागू करायला लावला. अमेरिकेत सरकारी दबाव टाळण्यासाठी सार्वजनिक प्रसारणाचा निधी दोन वर्षे आगाऊ मंजूर करण्याची प्रथा होती. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने असा मंजूर झालेला १.१ अब्ज डॉलरचा निधी मागे घेतला आणि १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या निधिवाटप महामंडळाला आपला गाशा गुंडाळावा लागला.

आपल्याकडे सॅम पित्रोदा समितीने २०१४ च्या जानेवारीत दिलेल्या अहवालात आर्थिक व प्रशासकीय स्वातंत्र्याची, मालमत्ता महामंडळाच्या नावे करण्याची शिफारस केली होती. त्यानंतरचा सर्वांत मोठा निधी जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झाला. २०२५-२६ पर्यंतच्या या योजनेत २,५३९.६१ कोटी रुपये प्रक्षेपक, स्टुडिओ, डिजिटल यंत्रणा आणि दुर्गम भागांत आठ लाख मोफत सेट टॉप बॉक्स यांसाठी होते. यंत्रांसाठी पैसा मिळतो. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग मात्र त्याच वर्षी जूनमध्ये बंद करून बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचे ठरले होते. पुणेकरांनी आवाज उठवल्यावर तो निर्णय स्थगित करावा लागला.

ज्यांच्या वेतनाची हमी सरकारने घेतली, ते २००७ पर्यंतचे कर्मचारी दरवर्षी निवृत्त होत आहेत. त्यांच्यामागून येणाऱ्यांसाठी, आणि कंत्राटावर किंवा प्रासंगिक मानधनावर निवेदन आणि संपादन करणाऱ्यांसाठी, कायद्यात अशी कोणतीही हमी नाही. कलम १७ मधील ‘आवश्यक वाटेल ती’ रक्कम हाच त्यांचा आधार आहे.