पलटणीतील सुभेदार, घरातील मास्तर

१४ एप्रिल आपण विसरत नाही. ६ डिसेंबर विसरत नाही. परंतु २ फेब्रुवारी किती घरांत आठवला जातो? या दिवशी १९१३ साली सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे निधन झाले. बाबासाहेबांचे वडील एवढीच त्यांची ओळख आपण ठेवली. खरे तर हा माणूस स्वतःच्या बळावर मोठा होता.

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे गाव. वडील मालोजीही लष्करातच होते. ज्या समाजाला गावच्या शाळेची पायरी बंद होती, त्या समाजातील शिपायाला पलटणीत मात्र सक्तीने अक्षरओळख करून दिली जाई. त्याच्या मुलाबाळांनाही शिकविले जाई. रामजी तेथे शिकले, पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून शिक्षक झाले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. महूच्या छावणीत १८९१ साली त्यांचे चौदावे अपत्य जन्मले. तेच भीमराव!

पण १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. हा घाव केवळ भाकरीवर नव्हता, अक्षरावर होता. पलटण गेली की शाळाही गेली! रामजी गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांचे साहाय्य घेऊन त्यांनी सरकारकडे अर्ज केला. सरकारने दाद दिली नाही. १८९४ च्या सुमारास ते निवृत्त झाले आणि पलटणीतील शाळा त्यांनी आपल्या घरात मांडली.

१८९६ साली साताऱ्यात भीमाबाई गेल्या. चौदांपैकी तीन मुलगे आणि दोन मुली एवढीच मुले जगली होती. पोटासाठी रामजींनी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरील तलावावर खजिनदाराची नोकरी धरली. त्यांना भेटायला निघालेल्या पोरांना १९०१ साली मसूर स्टेशनवर जातीमुळे गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन पोरांनी स्वतःच गाडी हाकली आणि रात्र पाण्यावाचून काढली. सुभेदाराच्या मुलांची ही दशा, मग इतरांची काय असेल?

मुंबईत परळच्या डबक चाळीतील एका खोलीत हा संसार आला. बाप रात्री दोनपर्यंत जागे, मग मुलाला अभ्यासाला उठवी आणि स्वतः आडवा होई. पुस्तकांसाठी पैसे नसले की लेकींचे दागिने गहाण पडत आणि पेन्शन हाती आली की सोडविले जात. कबीरपंथी रामजी मुलांकडून रामायण-महाभारतही वाचून घेत. या ग्रंथांत आपले काय, असे भीमरावांनी विचारले, तेव्हा हीन मानलेल्या घरांतूनही कर्णासारखे पुरुष वर आले, हे कळावे आणि तुमच्या मनातील न्यूनगंड जावा, असे त्यांचे उत्तर होते.

बापलेकांत सारे गोडच होते असे नाही. रामजींचे दुसरे लग्न भीमरावांना रुचले नाही. बडोद्याची नोकरी त्यांनी वडिलांच्या मनाविरुद्ध धरली आणि थोड्याच दिवसांत आजारपणाची तार आली. येताना सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी चुकली! मुलगा पोहोचला तेव्हा बाप अखेरच्या घटका मोजत होता. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ते पाहायला रामजी नव्हते.

रामजींनी ज्यासाठी अर्ज केला, ते दार पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ व्या महार पलटणीने उघडले आणि युद्धानंतर पुन्हा बंद झाले. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्यासाठी झटणाऱ्यांत बाबासाहेब होते. बापाचा अर्ज मुलाने पुढे नेला!

बंधूंनो, आज आपल्या वस्त्यांत लष्करातून, रेल्वेतून, सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेले कितीतरी जण आहेत. सुभेदाराच्या तुटपुंज्या पेन्शनमधून एक ग्रंथालयाएवढा माणूस उभा राहिला. आपली पेन्शन कशावर खर्च होते? बंगल्याच्या रंगावर, लग्नाच्या मंडपावर, की शेजारच्या गरीब पोराच्या पुस्तकांवर? पोराला उठविण्यासाठी रात्री दोनपर्यंत जागणारा बाप आज प्रत्येक घराला हवा आहे.

सुभेदार रामजींना विनम्र अभिवादन! जयभीम!