विश्लेषण : आईच्या साड्यांची गोधडी मनासारखी शिवून आली नाही, तर काय करावे?

आई किंवा आजीच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवून घेणारे अनेक जण आहेत. कोणी साड्या थेट कारागिराच्या हाती सोपवतात. कोणी तुकडे घरीच जोडून वरचा थर तयार करतात आणि टाके घालण्यापुरते काम व्यावसायिकाकडे देतात. अमेरिकेत ही दुसरी पद्धत सर्रास आढळते. तेथे ‘लाँगआर्म’ म्हणजे लांब हाताच्या शिलाई यंत्रावर असे काम करून देणारे स्वतंत्र व्यावसायिक आहेत. काम कुठेही दिलेले असो, परत आलेली गोधडी पाहून मन खट्टू झाले तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. मजुरी परत मिळू शकते, साडी मिळत नाही. अशा वेळी दोष कसा ओळखावा, कारागिराशी कसे बोलावे, टाके उसवावेत का आणि कायदा काय म्हणतो, याचा हा आढावा.

टाक्यांना इतके महत्त्व का?

गोधडीत साधारणपणे वरचा थर, मधली भर आणि खालचे अस्तर असते. या थरांना एकत्र धरून ठेवण्याचे काम टाके करतात. पारंपरिक गोधडीत मधे कापूस नसतो, जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर असतात. त्यावर हाताने धावदोरा घातला जातो. अनेक ठिकाणी कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत येतात. कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या ‘कवंदी’तही कडेकडून आत येण्याचीच रीत आहे.

हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा असतो. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. त्यामुळे यंत्राची शिलाई घट्ट बसते, पण फार दाट घातली की गोधडी ताठ होते. ‘आजीच्या गोधडीसारखी मऊ लागत नाही’ या तक्रारीचे कारण बहुधा इथेच सापडते.

दोष कोणता आणि नावड कोणती?

हा फरक आधी स्पष्ट व्हायला हवा, कारण पुढचे सगळे बोलणे त्यावर अवलंबून असते. टाके सुटलेले असणे, मागच्या बाजूला दोऱ्याचे फासे लोंबणे, खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसणे, अस्तरात चुण्या शिवल्या जाणे, कापड फाटणे, तेलाचे डाग पडणे हे कामातले दोष आहेत. मधे दाट आणि कडेला विरळ टाके घातल्याने कडा लाटेसारख्या होणे, हाही दोषच.

दोऱ्याचा रंग उठून दिसतो, नक्षी वेलबुट्टीची हवी होती पण गोलाकार आली, टाके अपेक्षेपेक्षा दाट पडले, या गोष्टी आधी ठरल्या होत्या का, हे पाहावे लागते. ठरल्या असतील तर ती चूक आहे. ‘तुम्हाला योग्य वाटेल तसे करा’ असे सांगून काम दिले असेल, तर ती नावड आहे. नावडही खरी असते, पण तिची जबाबदारी एकट्या कारागिरावर टाकता येत नाही. तसेच घरी जोडलेला थरच कडेला सैल असेल तर यंत्रावर चुण्या पडण्याची शक्यता वाढते. तुकडे नीट मापात जोडले होते का, हेही प्रामाणिकपणे तपासावे.

गोधडी हाती आल्यावर आधी काय करावे?

गोधडी दिवसाच्या उजेडात सपाट पसरून दोन्ही बाजूंनी पाहावी. लांबी-रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे नसतील तर गोधडी तिरकी झाली आहे. दोषाच्या जागी रंगीत दोरा बांधून खूण करावी आणि जवळून व लांबून छायाचित्रे घ्यावीत. मग एक-दोन दिवस ती बाजूला ठेवून पुन्हा पाहावी. पहिल्या नजरेला खुपलेले काही टाके दुसऱ्यांदा तितके खुपत नाहीत, तर काही आधी न दिसलेले दोष समोर येतात.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. कारागिराला दाखवण्याआधी स्वतः टाके उसवू नयेत आणि गोधडी धुऊ नये. धुतल्यावर सुती कापड थोडे आटते, सुरकुतते आणि बारीकसारीक वाकडेपणा त्यात लपतो, हे खरे. किरकोळ नावड असेल तर हा सोपा उपाय आहे. पण तक्रार करायची असेल तर ती धुण्याआधीच करावी. जुन्या साड्यांचा रंग उतरला तर चूक कोणाची, हा नवा वाद उभा राहतो.

कारागिराशी कसे बोलावे?

शक्यतो प्रत्यक्ष भेटून आणि गोधडी समोर ठेवून बोलावे. ‘तुम्ही सगळी वाट लावली’ या वाक्याने समोरची व्यक्ती बचावात जाते. त्याऐवजी ‘ताई, या तीन जागी अस्तरात चुण्या आल्या आहेत आणि इथे टाके सुटलेत, याचे काय करता येईल?’ असे विचारले तर उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. गोधड्या शिवणाऱ्या अनेक जणी घरातून किंवा बचत गटातून काम करतात. त्यांना बदनामीचा धाक घालण्यापेक्षा दुरुस्तीची संधी आधी देणे न्यायाचे ठरते.

आपल्याला नेमके काय हवे, हे जाण्याआधी ठरवावे. ठरावीक भाग उसवून पुन्हा शिवणे, मजुरीत सूट, पूर्ण मजुरी परत किंवा पुढचे काम विनामूल्य, असे पर्याय असतात. जे ठरेल ते मुदतीसह संदेशावर लिहून घ्यावे.

टाके उसवणे कितपत शक्य?

शक्य आहे, पण शिवण्यापेक्षा उसवायला कितीतरी जास्त वेळ लागतो. मागच्या बाजूने दर तीन-चार टाक्यांनंतर दोरा कापायचा आणि पुढच्या बाजूचा दोरा अलगद ओढायचा, ही सुरक्षित रीत. सुती कापडावरची सुईची भोके ओलसर हात फिरवल्यावर किंवा धुतल्यावर बरीचशी मिटतात. रेशमावर, विशेषतः घट्ट विणीच्या काठावर, ती कायम राहू शकतात. विरलेली साडी उसवताना फाटूही शकते. म्हणून संपूर्ण गोधडी उसवण्याआधी एका कोपऱ्यातला वीतभर भाग उसवून पाहावा. कापड ताण सोसत नसेल तर तिथेच थांबावे.

तोडगा निघाला नाही तर?

मोबदला देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दाद मागता येते. प्रथम लेखी नोटीस द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची असते आणि मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पावती, संदेश आणि छायाचित्रे हेच इथे पुरावे. हौसेखातर विनामूल्य करून दिलेले काम मात्र या कायद्यात बसत नाही. शिवाय आईच्या साडीचे मोल कोणताही आयोग पूर्णपणे भरून देऊ शकत नाही. त्यामुळे हा मार्ग धरण्याआधी त्यातून काय मिळवायचे आहे, याचा विचार करावा.

पुढच्या वेळी काय ठरवून घ्यावे?

हात-टाका की यंत्र, टाक्यांमधले अंतर, दोऱ्याचा रंग, भर कशाची, नक्षी कोणती, मजुरी आणि मुदत या गोष्टी लिहून घ्याव्यात. साध्या कापडावर वीतभर नमुना शिवून मागावा आणि तो जपून ठेवावा. यंत्रावर देताना अस्तर चारही बाजूंनी सुमारे चार इंच मोठे असावे. पहिल्या काही ओळी झाल्यावर छायाचित्र मागवावे, कारण तेव्हा बदल सोपा असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सगळ्या साड्या एकाच वेळी देऊ नयेत. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. त्यातला पदर आणि थोडे कापड घरी ठेवले तरी गोधडीला पुरेसे उरते.

तरीही मन लागत नसेल तर?

सदोष भाग कापून उरलेल्याची लहान दुपटी किंवा उशीचे अभ्रे करता येतात. यंत्राच्या विरळ टाक्यांमधून हाताने धावदोरा घालून रूप बदलता येते. कडा वाकड्या असतील तर त्या छाटून नवा काठ लावता येतो. यातले काहीच नको असेल, तर गोधडी काही महिने घडी घालून ठेवण्यातही गैर नाही. कापूस-सुताचे कापड वापरात आले की हळूहळू मऊ होते. गोधडी अंगावर घेतली जाऊ लागली की वाकड्या टाक्यांपेक्षा साडीची ओळखच आधी डोळ्यांत भरते, असा अनेक घरांचा अनुभव असतो. पण हा निर्णय घरच्यांचा आहे. ‘एवढे काय त्यात’ असे म्हणून तो इतरांनी घेऊ नये.