सह्याद्रीपलीकडे पोचणारी तार

रत्नागिरीहून कोल्हापूर सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटर. पण हातातल्या व्हीएचएफ सेटला ते शंभर किलोमीटर परदेशाइतके लांब असतात. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळपास नजरेच्या रेषेत जातात आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. डोंगरमाथ्यावर रिपीटर नसेल, किंवा असून वीज गेलेली असेल, तर कोकणातला आवाज कोकणातच राहतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडले होते. माझ्या पुतणीने हॅम रेडिओची परीक्षा द्यायचं ठरवलं ते त्यानंतर. मोर्स शिकून तिने जनरल ग्रेड मिळवली, व्हीयू२ने सुरू होणारी कॉल साइन हाती आली, आणि पहिला प्रश्न आला, "काका, कोणता सेट घेऊ?"

मी म्हटलं, सेट कोणताही घे, आधी तार कुठे बांधायची ते बघू. सेट दुकानात तयार मिळतो. अँटेना मात्र आपल्या घराची उंची, झाडं, विजेच्या तारा बघून आपल्यालाच करावा लागतो, आणि आवाज किती लांब जाणार हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

डोंगर ओलांडायचा एक सोपा मार्ग आहे : वरून. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी, म्हणजे हॅम मंडळी ज्याला चाळीस मीटर बँड म्हणतात त्या, जवळजवळ उभ्या वर सोडल्या तर अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातून परत खाली येतात आणि आजूबाजूच्या चार-पाचशे किलोमीटरांच्या मुलखावर पसरतात. मध्ये घाट आहे की सपाटी, याचा त्यांना फरक पडत नाही. आणि लहरी अशा वर सोडायला अँटेना फार उंच नसलेलाच बरा. दहा मीटर उंची म्हणजे पाव तरंगलांबी. तेवढ्या उंचीवर जमिनीवरून परावर्तित झालेल्या लहरी थेट वर जाणाऱ्या लहरींना बळ देतात. दुमजली घर आणि वर एक बांबू, एवढ्यात हे साधतं. सामान्य माणसाच्या ऐपतीतली उंचीच इथे योग्य उंची ठरते, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते.

तार आणली ती घरातल्या वायरिंगचीच, दीड एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची. ९० मीटरच्या एका बंडलात असे तीन-चार अँटेने होतात. १४३ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची मीटरमधली लांबी येते. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे मधोमध तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. हाइनरिश हर्ट्झने १८८०च्या दशकाच्या अखेरीस कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या, तेव्हा त्याचं साधन मुळात हेच होतं : मध्ये तुटलेला, दोन्हीकडे पसरलेला वाहक. आपल्याकडे १९२७ मध्ये खडकी आणि दौंडला ब्रिटनशी थेट बोलणारी बीम वायरलेस केंद्रं उभी राहिली, तिथेही उंच मनोऱ्यांवर टांगलेल्या तारांचेच पडदे होते. आजचा हॅम अंगणात जे बांधतो ते त्याच घराण्यातलं आहे.

हिशोब २०.१४चा असला तरी आम्ही प्रत्येक बाजू १०.४० कापली. तार कमी करता येते, वाढवायला जोड द्यावा लागतो, आणि खाऱ्या हवेत प्रत्येक जोड हा गंजाला दिलेलं आमंत्रण असतो.

मग जागा. या कामातला सगळ्यात जास्त वेळ मी नुसता वर बघण्यात घालवतो. गच्चीवर पाण्याच्या टाकीचा चौथरा, मागे आगरात माड, पुढे गडग्याला लागून फणस. रस्त्याकडच्या बाजूने विजेची तार जाते, म्हणून ती बाजू विचारातूनच काढली. नियम साधा आहे आणि त्याला अपवाद नाही : अँटेना तुटून कसाही पडला, बांबू कोणत्याही बाजूला कलंडला, तरी वीजवाहिनीला स्पर्श होता कामा नये. वर-खाली ओलांडणं तर नाहीच.

उरले माड आणि फणस. टाकीजवळ बांबू, त्याच्या शेंड्यावर मधला बिंदू, आणि तिथून दोन बाजू उतरत्या. हा इन्व्हर्टेड व्ही. एकाच खांबावर भागतं म्हणून तो लोकप्रिय आहे, पण त्याला आणखी एक कारण आहे. डायपोलमध्ये विद्युतप्रवाह सर्वांत जास्त मध्यभागी असतो आणि प्रारणाचं मुख्य काम तिथेच होतं, म्हणून मधला भाग उंच ठेवणं फायद्याचं. टोकांना प्रवाह जवळपास शून्य, पण व्होल्टेज जबरदस्त. शंभर वॅट सोडलेले असताना टोकाला बोट लागलं तर भाजतं. त्यामुळे दोन्ही टोकं गच्चीबाहेर, कुणाचा हात पोचणार नाही अशी काढायची. दोन बाजूंमधला कोन एकशे वीस अंशांच्या आसपास ठेवला, की दहा मीटरच्या बाजूचं टोक मध्यबिंदूपेक्षा पाच मीटर खाली येतं. नव्वदच्या खाली कोन गेला तर दोन बाजू एकमेकींना मारू लागतात.

माडावर चढायला गडी मिळाला. फणसासाठी बेचकी काढली. तंगुसाच्या टोकाला जड नट बांधायचा, हव्या त्या फांदीवरून पलीकडे टाकायचा, मग तंगुसाला सुतळी आणि सुतळीला नायलॉनची दोरी बांधून ओढून घ्यायची. पुतणीचा नेम माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. दोरी झाडाला आवळून बांधायची नसते. वारा सुटला की फांदी मीटरभर सहज हलते आणि ताण थेट तांब्यावर येतो. फांदीला कप्पी, कप्पीतून दोरी, दोरीच्या खालच्या टोकाला वजन. झाड हललं तर वजन वरखाली होतं, तार तशीच राहते.

मध्यबिंदूची पेटी तिने स्वतः केली. प्लॅस्टिकचा जाड तुकडा, त्यात सॉकेट, दोन्ही तारा आधी भोकांतून ओवून गाठ मारलेल्या, म्हणजे ओढ प्लॅस्टिकवर येते आणि सोल्डरवर येत नाही. खाली येणारी कोॲक्स केबल आरजी-५८. व्हीएचएफसाठी तीस मीटर आरजी-५८ वापरायची म्हणजे निम्म्याहून जास्त शक्ती केबलमध्येच घालवायची, पण ७ मेगाहर्ट्झला तेवढ्याच लांबीत एक-सव्वा डेसिबल जातं, ते सोसवतं. पेटीच्या लगेच खाली फेराइटच्या कड्यावर केबलचे दहा-बारा वेढे. हे वेढे पुष्कळ जण टाळतात, आणि मला ते पटत नाही. डायपोलच्या दोन बाजू सारख्या, कोॲक्स मात्र एकतर्फी. वेढे नसतील तर प्रवाह केबलच्या बाहेरच्या जाळीवरून घरात उतरतो. मग मायक्रोफोन झिणझिणतो, आणि घरातल्या एलईडी दिव्यांचा, इन्व्हर्टरचा सगळा कचरा त्याच वाटेने रिसीव्हरमध्ये येतो.

बांबू उभा राहिला, टोकं ताणली, आणि नॅनोव्हीएनए जोडला. खिशात मावणारं हे यंत्र आल्यापासून या कामातलं अंदाजाने चालणं संपलं. पडद्यावरचा खड्डा, म्हणजे अँटेना नेमका जुळतो ती फ्रिक्वेन्सी, ६.७८ मेगाहर्ट्झवर होता. म्हणजे तार लांब आहे. आता गुणाकार : २०.८० गुणिले ६.७८ म्हणजे १४१, त्याला ७.१ने भागलं की १९.८६. एकूण ९४ सेंटिमीटर जास्त, म्हणजे दर बाजूला ४७. सूत्रातल्या १४३चे १४१ झाले याला तारेवरचं पीव्हीसी कारणीभूत आहे, शिवाय जमीन, गच्ची आणि व्हीचा कोनही. प्रत्येक घराचा हा आकडा निराळा येतो. आम्ही तार तोडली नाही, टोकाशी उलटी दुमडून स्वतःवरच घट्ट पिळून घेतली. परत मोजलं तर खड्डा ७.०९वर, आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना किती जुळला आहे त्याचं माप, १.३. यापुढे एकपर्यंत जाण्यासाठी धडपडण्यात अर्थ नसतो, १.३ आणि १ यांतला फरक पलीकडच्या कानाला कळतच नाही.

सकाळी आठच्या सुमारास, आयनांबर उन्हाने पुरेसं तापल्यावर, तिने आधी बराच वेळ नुसतं ऐकलं. कन्नड उच्चारांचं इंग्रजी, मग हिंदी, मग पुण्याचं कुणीतरी. फ्रिक्वेन्सी मोकळी झाल्यावर तिने सीक्यू, म्हणजे ऐकणाऱ्या कुणालाही घातलेली साद, दिला. उत्तर कोल्हापूरहून आलं, "फाइव्ह-नाइन." घाटापलीकडचा तो माणूस शेजारच्या खोलीत बसल्यासारखा स्पष्ट ऐकू येत होता. मधल्या काळात दादा दारात येऊन उभा राहिला होता. "मोबाइलवर नाही ना हे?" त्याने दोनदा विचारलं. रात्री हाच बँड पालटतो : सूर्य मावळला की लहरी शोषणारा खालचा थर विरतो, जवळची माणसं मावळतात आणि दूरचे देश उगवतात.

कोकणात खरी कसोटी पावसाची. कनेक्टरवर स्वतःला चिकटणाऱ्या रबरी टेपचे थर, केबल घरात शिरण्यापूर्वी खाली झोळ, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात, गडगडाट ऐकू येण्याची वाट न बघता, सेटमधून केबल काढून खिडकीबाहेर. काम संपलं की केबल बाहेर, ही सवयच लावून घ्यायची. मुसळधार पावसात तार भिजली की खड्डा थोडा खाली सरकतो. पुतणी ते लॉगबुकात तारखेसह लिहून ठेवते.

आता तिला १४ मेगाहर्ट्झ हवा आहे. २१साठी वेगळं काही करायला नको, कारण सातची तार तिप्पट फ्रिक्वेन्सीवरही किंचित वर का होईना चालते. चौदासाठी मात्र त्याच पेटीतून दुसरी जोडी काढावी लागेल. १४३ भागिले १४.२ म्हणजे दहा मीटर आणि वर थोडं. प्रत्येक बाजू ५.२० कापायची, छाटायला हात राहतो. बंडलात तार भरपूर उरली आहे, आणि पोफळीच्या बाजूला एक दोरी टाकता येईल असं तिने बघून ठेवलं आहे.