सफेदा ते प्रायमर

दाढी कितीही घोटून केली तरी हनुवटीवर निळसर छटा उरतेच. स्त्रीपार्टी नटाच्या रंगभूषेची परीक्षा तिथे व्हायची. आज नववधूच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकताना ब्युटिशियनपुढे असतो तोच पेच.

1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सीतेच्या वेषात पुरुषच होता. दिवे तेलाचे, प्रेक्षक लांब. सफेदा, पिवडी, काजळ एवढ्यावर भागायचं. पण कोरडी भुकटी त्वचेला धरत नाही; घामाचा ओघळ आला की पांढऱ्यावर रेघ उमटते.

उपाय सापडला तो बर्लिनमध्ये. लुडविग लाइश्नर हा ऑपेरा गायक. 1873 मध्ये त्याने चरबीत घोटलेल्या रंगाच्या कांड्या बाजारात आणल्या. पुढे हे ग्रीजपेंट जगभरच्या रंगपटांत पोचलं. त्याने घामाला दाद दिली नाही, पण चेहरा चकाकू लागला. मग शिस्त ठरली: आधी चेहरा धुवायचा, क्रीमचा हात फिरवून जास्तीचं टिपून घ्यायचं, वर रंग, आणि शेवटी पावडर. ती घासायची नाही, पफने दाबायची. घासली की खालचा रंग सरकतो.

1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि त्याच वर्षी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्यातली तारामती अण्णा साळुंके या तरुणाने केली. प्रेक्षक दूर असला, तरी कॅमेरा जवळ आला होता. जाड ग्रीजपेंटला नट हसला की भेगा पडत. हॉलिवूडमध्ये मॅक्स फॅक्टरने 1914 मध्ये पातळ, लवचीक ग्रीजपेंट काढलं. 1937 च्या सुमारास, रंगीत चित्रपटासाठी, त्याच्या कंपनीचा पॅनकेक आला. ओल्या स्पंजने लावायची ही वडी आपल्या मेकअपवाल्यांच्या तोंडी इतकी रुळली, की कुठल्याही कंपनीची असो, ती पॅनकेकच.

राहिला प्रश्न हनुवटीच्या निळेपणाचा. त्यावर नुसता गोरा रंग चढवला की त्वचा राखाडी, आजारी दिसते. निळ्याला मारतो नारिंगी. म्हणून आधी नारिंगी-लालसर रंगाचा हलका थर, तो पावडरीने बसवायचा, मग अंगरंग. आज करेक्टर म्हणून विकत मिळतो तो हाच हिशेब: काळ्या वर्तुळांना पीच किंवा नारिंगी, मुरमांच्या लालीला हिरवा. कन्सीलर त्याच्यानंतर, आणि तोही डागापुरताच.

आता प्रायमर, सेटिंग स्प्रे, एचडी फाउंडेशन आलं. तरी मे महिन्यातल्या लग्नात अक्षता पडेपर्यंत नाकाशेजारचा मेकअप फाटतोच. कारण बहुतेकदा घाई असते. मॉइश्चरायझर मुरायच्या आत फाउंडेशन फासलं, की बोटाखाली रंगाच्या गोळ्या होतात. पाच-दहा मिनिटं थांबावं. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर जास्त टिकतात. घाम आला तर टिश्यूने टिपावा, मगच पावडर. ओल्यावर पावडर टाकली की चिखल होतो.

आणि घरात कार्य असेल तर एक सांगणं: नवं फेशियल, नवं क्रीम आदल्या दिवशी लावून बघू नका. आठ-दहा दिवस आधी करा. उठलेलं पुरळ रंगाने झाकता येईल, पण उंचवटा सपाट करील, असा रंग अजून निघालेला नाही.