विद्या आणि वेतन

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शिकता शिकता रुग्णसेवा करणाऱ्या नव्या डॉक्टरास जी रक्कम मिळते, तिला आपण ‘विद्यावेतन’ म्हणतो. हा डॉक्टर विद्यार्थी समजावा की नोकर, हा प्रश्न या एका शब्दातच दडलेला आहे. जपानने त्याचा निकाल कसा लावला, हे पाहणे बोधप्रद होईल.

तेथे १९४६ पासून परवान्यापूर्वी एक वर्ष रुग्णालयात विनावेतन उमेदवारी करावी लागे. १९६८ साली तोक्यो विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तिच्याविरुद्ध संप पुकारला व त्याच वर्षी ती पद्धत रद्द झाली. तथापि अल्प मोबदल्याची चाल तशीच राहिली. १९९८ साली एका विद्यापीठीय रुग्णालयातील तरुण शिकाऊ डॉक्टर हृदयविकाराने मरण पावला. त्यास दरमहा केवळ ६० हजार येन मिळत. त्याच्या मातापित्यांनी न्यायालयात दाद मागितली. जो रुग्णांवर उपचार करतो, तो शिकाऊ असला तरी श्रमिकच होय आणि किमान वेतनास पात्र आहे, असा निर्णय २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. तत्पूर्वी, २००४ पासून, दोन वर्षांचे सवेतन प्रशिक्षण सक्तीचे झाले होते.

इतके होऊनही २०१९ च्या सरकारी चौकशीत ५० विद्यापीठीय रुग्णालयांत २,१९१ डॉक्टर विनावेतन काम करीत असल्याचे आढळले. अध्ययन व संशोधन ही त्यांतील अनेकांच्या बाबतीत सबब होती!

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या डॉक्टर होतील. विद्येचे ऋण जन्मभर माना; परंतु रुग्णाच्या उशाशी रात्र जागणाऱ्यास त्याच्या श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे, हेही विसरू नका.