दगडांचा हिशेब ठेवणारी नोकरी

मूल विज्ञान शाखेला गेले की डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, यापलीकडे आपल्या घरातली चर्चा सहसा जात नाही. विद्यापीठाच्या संग्रहालयात जीवाश्म, म्हणजे दगड झालेली हाडे, सांभाळण्याचीही नोकरी असते, असे आम्ही सांगितले की पालक हसतात. "हाडं मोजायला पदवी कशाला?" असे एका गृहस्थांनी विचारले. त्यांच्यासाठी नागपूरची ही हकीकत.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना गुजरातेत धोली डुंगरी गावाजवळ डायनासोरची अंडी आणि बारीक हाडे एकाच दगडात मिळाली. ती डायनासोरच्या पिल्लाची हाडे, असे त्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केले. दगड मात्र जपून ठेवला. २००१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन, जे पुढे तेथील संग्रहालयात जीवाश्मांचे अभिरक्षक झाले, नागपुरात आले. दगड पाहताच ते थबकले. काही मणक्यांना सापाच्या मणक्यासारखा जादा सांधा होता!

२००४ साली सर्वेक्षणाशी रीतसर करार झाला आणि दगड मिशिगनच्या संग्रहालयात गेला. नुसता भोवतीचा खडक काढायला वर्ष लागले. आतून निघाला सुमारे साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला; शेजारी अर्ध्या मीटरचे पिल्लू. ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा हा प्रसंग. २०१० साली त्या सापाला 'सनाजे इंडिकस' हे नाव मिळाले, आणि शोधनिबंधावर विल्सन यांच्याबरोबर मोहबे यांचेही नाव होते. पहिल्या निष्कर्षात भर घालायला शोधक स्वतःच पुढे आला, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

अभिरक्षकाचे रोजचे काम एवढे रंगतदार नसते. आम्ही कारकून माणसे, आवक-जावक रजिस्टरात आयुष्य गेले, म्हणून ते आम्हाला चटकन कळते. प्रत्येक नमुन्याला क्रमांक. कोणत्या गावी, कोणत्या थरात, कधी, कोणाला मिळाला याची नोंद. चिठ्ठी हरवली तर हाड राहते, पण त्याची साक्ष जाते. ज्या नमुन्यावरून प्राण्याला नाव मिळाले तो तर जिवापाड जपावा लागतो, कारण उद्या कोणी शंका घेतली तर तोच काढून दाखवायचा. काही जीवाश्मांत लोहमाक्षिक असते. दमट हवेत त्याचे आम्ल होऊन हाडाचा भुगा होतो, म्हणून कपाटातल्या हवेवरही लक्ष ठेवावे लागते. शिवाय विद्यार्थ्यांना शिकवणे, बाहेरच्या अभ्यासकांना नमुने दाखवणे, उसने देणे आणि वेळेवर परत मागणे आलेच.

जागा थोड्या असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. भूशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. आणि बहुधा पुढे पीएच.डी. लागते. नागपूर विद्यापीठात भूशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. विदर्भातल्या पालकांनी मुलीला किंवा मुलाला घेऊन तिथे एकदा चौकशी करावी.