हौदात मित्र, नदीत वैरी

कॅनडाच्या पश्चिमेस असलेल्या बर्नाबी शहराच्या दक्षिण कडेने फ्रेझर नदी वाहते. दरवर्षी सॅमन मासे अंडी घालण्यासाठी समुद्रातून याच नदीने वर जातात. हा प्रांत जंगलांचा. आपल्या मॉरिशसला जशी साखर, तसे त्या प्रांताला लाकूड आणि कागद.

लाकूड, कापूस, उसाचे चिपाड या सर्वांत मुख्य द्रव्य एकच, सेल्युलोज. वास्तविक ती साखरेच्या कणांची लांब साखळी आहे. पण माणसाला ती पचत नाही. गाईला पचते, कारण तिच्या पोटातील जिवाणू ती तोडतात. कागद कारखान्याच्या सांडपाण्यातून लाकडाचे बारीक तंतू वाहत येतात. तेथेही असे जिवाणू असतात.

हे काम एकाच जातीचे नव्हे. काहींचे पाचकरस साखळी मधोमध तोडतात, काहींचे टोकापासून सोलत येतात, तर काही उरलेल्या जोडतुकड्यांची साधी साखर करतात. सेल्युलोमोनास हवेत वाढतो. क्लॉस्ट्रिडियमला हवा सोसत नाही.

असे जिवाणू ओळखावे कसे? कॅनडातील टीथर व वुड या शास्त्रज्ञांनी १९८२ साली गुरांच्या पोटातील जिवाणूंसाठी एक सोपी परीक्षा प्रसिद्ध केली. सेल्युलोज मिसळलेल्या थरावर जिवाणू वाढवायचे, काँगो रेड हा लाल रंग ओतायचा आणि मिठाच्या पाण्याने धुवायचे. जेथे सेल्युलोज फस्त झाले, तेथे फिकट वर्तुळ उमटते. सांडपाण्यातील जिवाणूंसाठीही आज हीच परीक्षा वापरतात.

खरा प्रश्न आहे, हे काम कोठे व्हावे? नदीत झाले, तर जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. कारखान्याच्या हौदात झाले, तर वरून हवा पुरवता येते. नुसत्या भातावर माणूस धट्टाकट्टा होत नाही. तसेच या पाण्यात नत्र व स्फुरद कमी असल्याने तेही घालावे लागतात. कॅनडा सरकारने १९९२ साली कागद कारखान्यांच्या सांडपाण्याचे नियम कडक केले, तेव्हा अनेक कारखान्यांनी अशी व्यवस्था उभारली.

वाचकहो, आपल्या बेटावरील नद्या आखूड. डोंगरावरून निघाल्या की लगेच समुद्रास मिळतात. साखर कारखान्याच्या पाण्यालाही हाच नियम लागू आहे. जिवाणू आपले काम करणारच. ते हौदात करवून घ्यायचे की नदीवर सोडायचे, एवढेच माणसाच्या हाती आहे.